गळापासून काठीकडे: कोल्हापूर परिसरात गोड्या पाण्यातले मासे धरू इच्छिणाऱ्या नवख्यांसाठी

गळाने मासे धरण्याचा छंद लावून घ्यावा असे ज्याच्या मनात येते, तो बहुतेक वेळा सर्वांत आधी काठी विकत घेतो. चकचकीत लांब काठी, सोबत रबरी मासे आणि फिरक्यांनी भरलेला डबा असे सामान घरी येते आणि त्यानंतर ते कोणत्या पाण्यावर, कोणत्या माशासाठी वापरायचे हा प्रश्न उभा राहतो. हा क्रम उलटा करावा, असे मी प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगतो. आधी पाणी ठरवावे, मग त्या पाण्यातला मासा ठरवावा, त्या माशाच्या तोंडाला बसेल असा गळ निवडावा, गळाला साजेशी तंगूस (नायलॉनची दोरी), तंगुशीला साजेसे रीळ आणि सर्वांत शेवटी काठी घ्यावी. या क्रमाने गेल्यास खर्च निम्म्याने कमी होतो आणि पहिला मासा लवकर लागतो.

आधी पाणी, आणि त्या पाण्याची परवानगी

कोल्हापूर जिल्ह्यात पाण्याची वाण नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. दक्षिणेला दूधगंगा, वेदगंगा आणि हिरण्यकेशी आहेत, उत्तरेच्या सीमेवर वारणा आहे, आणि यांच्या जोडीला गावोगावचे लहानमोठे तलाव आहेत. परंतु पाणी दिसले म्हणजे गळ टाकण्याची मुभा मिळाली, असे मात्र नाही. अनेक तलाव आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्या संस्था स्वतःच्या पैशाने मत्स्यबीज आणून सोडतात, त्यामुळे तिथला रोहू किंवा कटला हा कोणाच्या तरी कष्टाचा माल असतो. संस्थेच्या पदाधिकाऱ्याला किंवा राखणदाराला भेटून विचारावे. काही ठिकाणी थोडे शुल्क घेऊन परवानगी मिळते, काही ठिकाणी मिळत नाही, आणि नकार मिळाला तर तो मानावा. गावतलावासाठी ग्रामपंचायतीत आणि शहरातील तलावांसाठी महापालिकेत चौकशी करावी. ठेका कोणाकडे आहे हे कळत नसेल, तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारल्यास माहिती मिळते.

राधानगरी अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीतील पाण्यावर गळ घेऊन जाऊ नये. तेथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. सुरुंग उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा तर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा आहे. असा प्रकार कुठे दिसला तर तेथून बाजूला व्हावे आणि पोलिसांना कळवावे. पंचगंगा घाट किंवा नृसिंहवाडीचा घाट अशा ठिकाणी, जेथे लोक स्नान करतात आणि धार्मिक विधी चालतात, तेथेही गळ टाकणे योग्य नाही. अनवाणी उतरणाऱ्या माणसाच्या पायात तुटलेला गळ जाणे ही साधी गोष्ट नसते.

नवख्याने नदीवर सुरुवात करायची असेल, तर आपल्याकडचा बंधारा समजून घ्यावा. ज्याला सगळा महाराष्ट्र कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून ओळखतो, त्याच्या दगडी खांबांना खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे (आडव्या फळ्या) बसवून पाणी अडवतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की बरगे काढून घेतात. म्हणजे हिवाळा-उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला खोल, संथ पाण्याची लांब फुगवटी असते आणि खालच्या अंगाला बरग्यांच्या फटींतून झिरपणारे, खडकांवरून खळाळणारे उथळ पाणी असते. या दोन पाण्यांत मासे वेगवेगळे आणि वागणेही वेगळे. वरच्या संथ पाण्यात फ्लोट (मासा लागल्याचे दाखवणारी तरंगती खूण) लावून बसणे सोपे जाते. खालच्या अंगाला उन्हाळ्यात मासे गोळा होतात, कारण खळाळत्या पाण्यात प्राणवायू अधिक मिसळलेला असतो. मात्र तेथे गळ खडकात अडकण्याचे प्रमाण फार असते, म्हणून पहिले काही महिने वरच्या अंगालाच बसावे. बंधाऱ्याच्या भिंतीवर किंवा बरग्यांवर उभे राहून मासे धरू नयेत. खांबांच्या मधल्या जागेत पाण्याची ओढ वरून दिसते त्याहून पुष्कळ जास्त असते.

उन्हाळ्यात नदीची पातळी आवर्तनाप्रमाणे वर-खाली होते. धरणातून पाणी सुटले की चढते, शेतीपंप जोरात सुरू झाले की उतरते आणि उपसाबंदी लागली की पुन्हा स्थिरावते. पातळी झपाट्याने उतरत असताना मासे काठ सोडून खोलात जातात आणि आमिष क्वचितच घेतात, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे जाण्यापूर्वी गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला पाणी चढते आहे की उतरते, एवढे विचारून घ्यावे. काठावरच्या एखाद्या दगडावरची ओली रेघ पाहूनही ते कळते.

पाण्याच्या स्वच्छतेचा विचारही येथेच करावा. सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळणाऱ्या पट्ट्यात, विशेषतः पंचगंगेच्या खालच्या भागात, उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात आणि कधी कधी मरून काठाला लागतात. पाण्याला उग्र वास, काळपट रंग किंवा फेस असेल, तर तेथील मासा खाऊ नये. आधीच गुदमरलेल्या माशांना गळाने ओढून आणखी दमवूही नये.

मासा कोणता?

पहिला मासा म्हणून मी चिलापीचीच शिफारस करतो. तिलापिया म्हणजे आपली चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आता तो तलाव, नदी, खणी अशा सर्वत्र पसरला आहे. तो स्थानिक माशांच्या जागेवर आणि खाद्यावर आक्रमण करतो, त्यामुळे काही चिलाप्या घरी नेल्याने नदीचे नुकसान होत नाही. काठाजवळ राहतो, दिवसा खातो, आमिषाबाबत फारसा चोखंदळ नसतो आणि आकाराच्या मानाने चांगली ओढ देतो. नवख्याला आणखी काय हवे? उथळ, नितळ पाण्याच्या तळाशी थाळीएवढे गोल खळगे दिसले, तर ती नराने खोदलेली घरटी समजावीत. अशा ठिकाणी चिलापी हमखास असते.

कटला, रोहू आणि मृगळ यांच्यासाठी खोलीचे गणित कळावे लागते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, म्हणून तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात फिरतो आणि मृगळ तळाशी चरतो. सायप्रिनस हाही तळ उकरणारा मासा आहे आणि तो जेथे चरतो तेथे पाणी ढगाळते व बारीक बुडबुडे वर येतात. चंदेरी मासा (सिल्व्हर कार्प) पाण्यातले सूक्ष्म प्लवक गाळून खातो, त्यामुळे तो पाण्यावर कितीही उड्या मारताना दिसला तरी साध्या आमिषाला सहसा येत नाही. त्याच्या उड्यांकडे पाहून जागा ठरवू नये.

वाम दगडांच्या कपारीत राहते आणि संध्याकाळनंतर तळाशी ठेवलेल्या गांडुळाला लागते. तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते, म्हणून जाड फडक्यानेच धरावी. मरळ हा गवताळ, शेवाळी पाण्यातला शिकारी मासा आहे आणि त्याच्यासाठी जाड तंगूस व वेगळे तंत्र लागते. तो पुढच्या वर्षासाठी ठेवावा. मरळीची जोडी आपल्या पिल्लांचा लालसर थवा सांभाळत पृष्ठभागाजवळ फिरते. असा थवा दिसला तर त्या जागी गळ टाकू नये, कारण आई-बाप गेले की ती पिल्ले इतर मासे काही वेळातच फस्त करतात. महसीर म्हणजे खडशी लागली तर ती पाण्याबाहेर न काढताच सोडून द्यावी. या माशाची संख्या नद्यांतून इतकी घटली की लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पैदास करून पिल्ले सोडावी लागली आहेत.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर चढणीचे मासे ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत शिरतात. ते अंडी घालायला निघालेले असतात. जून ते ऑगस्ट या काळात गळ घरी ठेवावा हे उत्तम; तसेही गढूळ, वाहत्या पाण्यावर नवख्याच्या हाती काही लागत नाही आणि नदीकाठ तेव्हा सुरक्षितही नसतो.

गळ, तंगूस, रीळ, काठी

गळाच्या क्रमांकाचा नियम लक्षात ठेवावा: १, २, ४, ६, ८, १० अशा क्रमांकांत आकडा जितका मोठा तितका गळ लहान, आणि १ च्या पुढे १/०, २/०, ३/० असे मोजताना आकडा वाढेल तसा गळ मोठा. चिलापीचे तोंड लहान असते, तिच्यासाठी ८ किंवा १० क्रमांक पुरे होतो. रोहू, मृगळ आणि सायप्रिनससाठी ४ किंवा ६ घ्यावा. मोठा गळ घेतला म्हणजे मोठा मासा लागतो ही समजूत चुकीची आहे. मोठ्या गळावरचे आमिष लहान तोंडाचे मासे कडेकडेने कुरतडून संपवतात आणि आपल्याला फक्त फ्लोट हलताना दिसतो. गळाचे टोक नखावर हलकेच टेकवून पाहावे. टोक घसरले तर गळ बोथट आहे, टेकताच अडकले तर धारदार. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाकावा. तंगूस ताठ ठेवली तर मासा सुटत नाही, सोडायचा असल्यास त्याला जखम कमी होते, आणि उद्या स्वतःच्या बोटात गळ गेला तर हीच काळजी फार मोलाची ठरते.

तंगूस म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी. चिलापीसाठी ०.२० ते ०.२५ मिलिमीटर जाडीची आणि कार्प जातीच्या (कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस) माशांसाठी ०.३० ते ०.३५ मिलिमीटरची घ्यावी. विणलेली ब्रेड लाइन तितक्याच जाडीत कितीतरी मजबूत असते, पण ती ताणत नाही. नवखा माणूस जोराने झटका देतो आणि मग एक तर माशाचे तोंड फाटते किंवा गाठ सुटते. नायलॉनचा ताण या चुका पोटात घेतो, म्हणून पहिल्या वर्षी नायलॉनच बरे. शेवटचे हात-दोन हात तंगूस दर वेळी दोन बोटांत धरून ओढून पाहावी. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून नवीन गाठ बांधावी.

शिशाचे मणी तंगुशीवर पक्कडीने दाबून बसवावेत, दातांनी नव्हे. शिसे विषारी आहे. फ्लोट म्हणून बाजारात मिळणारा सडपातळ फ्लोट घ्यावा किंवा शाळूच्या वाळलेल्या ताटाचा बोटभर तुकडा वापरावा. शिशाचे वजन इतके असावे की फ्लोटचे फक्त टोक पाण्यावर दिसेल. निम्मा फ्लोट वर राहिला तर माशाला तो खाली ओढताना अडथळा जाणवतो आणि तो आमिष टाकून देतो.

आता रीळ आणि काठी. तलावाच्या काठावर चिलापीसाठी खरे तर रिळाची गरजच नाही. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडची दहा-बारा फुटांची सरळ मेसकाठी, तिच्या टोकाला घट्ट बांधलेली काठीएवढीच लांब तंगूस, फ्लोट, दोन मणी आणि गळ, एवढ्यावर उत्तम मासेमारी होते आणि फ्लोट वाचण्याची नजर याच काठीवर तयार होते. लहान मुलांना शिकवायचे असेल तर दुसरे काहीही घेऊ नये. रीळ घ्यायचेच असेल तर २५०० किंवा ३००० आकाराचे स्पिनिंग रीळ आणि सात ते आठ फुटांची, मध्यम ताकदीची, दोन तुकड्यांत जोडता येणारी काठी घ्यावी. दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या काठ्या प्रवासाला सोयीच्या असतात, पण स्वस्त प्रकारात त्यांच्या जोडांपाशी आणि कड्यांपाशी त्या लवकर मोडतात. काठी विकत घेताना प्रत्येक कड्याच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. कापूस कुठे अडकला तर तेथे चीर आहे आणि ती चीर तंगूस कापणार, हे निश्चित समजावे.

रिळावर तंगूस काठापासून दोन-तीन मिलिमीटर कमी भरावी. कमी भरली तर फेक लांब जात नाही, जास्त भरली तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणानंतर तंगूस सोडणारी यंत्रणा, तंगुशीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर बसवावी. चार किलो ताण सोसणाऱ्या तंगुशीसाठी घरच्या घरी सोपी चाचणी आहे: पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली तंगुशीला बांधावी आणि काठीने हळूच उचलावी. बाटली उचलली जावी, पण तिला हाताने किंचित खाली ओढताच रीळ कुरकुरत तंगूस सोडू लागावे. बाटली उचलतानाच रीळ फिरले तर ड्रॅग सैल आहे. जोराने ओढूनही फिरले नाही तर फार घट्ट.

एक गाठ, पण पक्की

नवख्याला एकच गाठ पुरते, मात्र ती डोळे मिटूनही बांधता आली पाहिजे. तंगुशीचे टोक गळाच्या डोळ्यातून आरपार काढून वीतभर मोकळे ठेवावे. हे मोकळे टोक मुख्य तंगुशीभोवती पाच वेळा गुंडाळावे. गळाच्या डोळ्यालगत जे लहान भोक तयार झालेले असते, त्यातून टोक परत आत घालावे. असे करताना बाजूला एक मोठे वेटोळे तयार होते, त्या वेटोळ्यातूनही टोक एकदा काढून घ्यावे. आता गाठ पाण्याने ओली करावी आणि मुख्य तंगूस व टोक एकत्र धरून सावकाश ओढावे. वेढे एकावर एक न चढता शेजारी-शेजारी नीट बसलेले दिसले पाहिजेत. ओली करण्याची पायरी कोणी गाळतो आणि तेथेच मासा जातो: कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन नेमके त्या जागी कमजोर होते. टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापावे आणि गळ एखाद्या लाकडात अडकवून एक चांगला हिसका देऊन पाहावा. घरी बसून दोन संध्याकाळी हाच सराव करावा.

आमिष

आपल्याकडे सर्वांत सहज आणि सर्वांत परिणामकारक आमिष म्हणजे कणीक आणि शेंगपेंड. दोन वाटे कणीक, एक वाटा बारीक कुटलेली शेंगपेंड आणि चमचाभर काकवी घेऊन पोळीच्या पिठाहून किंचित घट्ट मळावे. कापसाचे थोडे तंतू पिंजून त्यात मिसळले तर गोळी पाण्यात टिकते. हिंग, बडीशेप यांची चिमूट चालते, पण वासाचे दहा पदार्थ एकत्र करण्याची गरज नाही. पेंडीचा आणि काकवीचा वास पुरेसा असतो. मळून झाल्यावर एक हरभऱ्याएवढी गोळी गळावर लावून पेल्यातल्या पाण्यात सोडावी. दहा-पंधरा मिनिटांनी तिच्या कडा सैल होऊन थोडे कण सुटू लागले पण ती गळावर टिकून राहिली, तर पीठ जमले. दगडासारखी जशीच्या तशी राहिली तर पाण्याचा हबका मारून पुन्हा मळावे, कारण इतक्या कठीण गोळीतून गळाचे टोक माशाच्या ओठात शिरत नाही. लगेच विरघळली तर आणखी कणीक घालावी.

गांडुळे गोठ्यामागच्या उकिरड्याच्या कडेला किंवा केळीच्या बुडाशी ओलसर मातीत मिळतात. ती कापडी पिशवीत थोड्या ओल्या मातीसह सावलीत ठेवावीत. प्लास्टिकच्या डब्यात उन्हात ती तासाभरात मरतात. गळावर लावताना गांडुळाचा थोडा भाग लोंबता ठेवावा, पण फार लांब नव्हे, अन्यथा मासे तेवढेच ओढून नेतात.

जागेवर मासे जमवण्यासाठी भाताचा कोंडा आणि पेंड ओली करून लिंबाएवढे चार-पाच लाडू आपल्या फ्लोटच्या आसपास टाकावेत आणि त्यानंतर अर्ध्या तासाने एखादा. पाटीभर कोंडा ओतणे हा मूर्खपणा आहे. मासे पोटभर खाऊन निघून जातात आणि उरलेले अन्न तळाशी कुजते. दुसऱ्या तलावातून आणलेले जिवंत मासे आमिष म्हणून कधीही वापरू नयेत आणि उरले तर पाण्यात सोडू नयेत. चिलापी आपल्या नद्यांत अशाच वाटांनीही पसरली.

काठावर

थंडीच्या दिवसांत पहाटे जाण्याची घाई करू नये. पाणी गार असताना चिलापी आणि कार्प सुस्त असतात, ऊन वर आल्यावर साधारण दहा ते तीन ही वेळ चांगली. मार्चपासून उलट: सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर. जागा निवडताना झाडाची पाण्यावर पडणारी सावली, पाणवनस्पतींची कड, ओढा नदीला मिळतो ते तोंड आणि जेथे काठ उतरता जाऊन एकदम खोल होतो ती रेघ यांकडे पाहावे. वारा आपल्या तोंडावर येत असेल तर ते गैरसोयीचे असले तरी चांगले, कारण तरंगणारे खाद्य वाऱ्याबरोबर त्याच काठाला जमा होते.

पहिले काम खोली मोजण्याचे. गळाला जड शिशाचा तुकडा अडकवून फेक करावी. फ्लोट पूर्ण बुडाला तर तो तंगुशीवर वर सरकवावा, आडवा पडला तर खाली. फ्लोटचे फक्त टोक दिसू लागले की गळ ते फ्लोटपर्यंतचे ते अंतर म्हणजे तेथील खोली होय. मृगळ आणि सायप्रिनससाठी गळ तळाला टेकवावा, रोहूसाठी मध्यावर ठेवावा, चिलापीसाठी तळापासून वीतभर वर. या एका कामाला दहा मिनिटे लागतात आणि नवख्यांपैकी बहुतेक जण ते करत नाहीत. शेजारचा माणूस मासे काढतो आणि आपल्याला काहीच लागत नाही, याचे कारण बहुधा हेच असते.

फेक करताना मागे कोणी उभे नाही, वर फांदी किंवा विजेची तार नाही, हे दर वेळी वळून पाहावे. फेकल्यावर रिळाची तार (तंगूस अडवणारी वळणदार कडी) हाताने बंद करावी, रिळाची मूठ फिरवून नव्हे. हाताने बंद केल्यास तंगुशीत पीळ आणि सैल वेटोळी येत नाहीत. काठावर पाय आपटू नयेत आणि सावली पाण्यावर पडू देऊ नये.

त्यानंतर फ्लोट वाचायचा. बारीक मासे कुरतडत असताना फ्लोट जागच्या जागी थरथरतो. तेव्हा हात चालवू नये. चिलापी आमिष तोंडात घेते तेव्हा फ्लोट आधी दोन-तीनदा डुचकतो, मग तिरका होऊन एका दिशेने सरकत बुडू लागतो. तो सरकू लागला की मनगटाने काठी वर उचलावी, खांद्यापासून झटका देऊ नये. तळाशी चरणारा मृगळ आमिषासोबत शिशाचा मणीही उचलतो, तेव्हा फ्लोट बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. हे पाहून नवखा माणूस गोंधळतो आणि वाट पाहत राहतो. आडवा पडलेला फ्लोट म्हणजे मासा, तेव्हाच काठी उचलावी.

मासा लागल्यावर

काठी साधारण साठ अंशांवर तिरकी धरावी, म्हणजे तिचा बाक माशाची ओढ झेलतो. काठी आडवी करून सरळ माशाच्या दिशेने रोखली तर सगळा ताण तंगुशीवर जातो. मासा पळत असेल आणि ड्रॅग तंगूस सोडत असेल, तर मूठ फिरवू नये. त्याने तंगुशीला पीळ बसतो आणि मासा काही जवळ येत नाही. तो थांबला की काठी हळू वर घ्यावी आणि ती खाली आणताना तेवढी तंगूस गुंडाळावी. हातजाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरावी आणि माशाला तिच्यावर आणावे. माशामागे जाळी फिरवली तर तो दचकून शेवटची उसळी घेतो आणि बरेच मासे त्याच क्षणी सुटतात.

सोडायचा मासा कोरड्या हाताने धरू नये. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगांपासूनचे संरक्षण आहे, आणि तो कोरड्या हाताला चिकटून निघतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत, तापलेल्या दगडावर किंवा मातीवर मासा ठेवू नये, फोटो काढायचा असेल तर पाण्यालगतच काढावा. गळ फार आत गेला असेल तर तो उपसून काढण्यापेक्षा तंगूस तोंडाशी कापून मासा सोडणे बरे. घरी न्यायचा मासा मात्र तडफडत ठेवू नये. डोक्यावर एकच नेमका घाव घालून लगेच मारावा आणि बर्फात ठेवावा. गरजेपुरतेच मासे न्यावेत, आणि अंडी भरलेली मादी असेल तर ती परत सोडावी.

चिलापीच्या पाठीचे काटे टोचतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत काटे दाबून धरावे. शिंगी या माशाच्या कल्ल्यामागच्या काट्यात विष असते आणि टोचल्यास वेदना तासन्‌तास राहतात. टोचलेला भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात धरल्यास वेदना कमी होतात. त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे.

जीव सांभाळून

पावसाळ्यात आणि पावसाळ्याच्या शेवटी राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणीपातळीनुसार आपोआप उघडतात, तेव्हा आपण बसलो तेथे पाऊस नसला तरी खाली भोगावती आणि पंचगंगेचे पाणी चढते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, परंतु नदीकाठी बसणाऱ्याने त्या आकड्यांची वाट पाहू नये. पाणी गढूळ होऊन काटक्या-पाला वाहू लागला की सामान उचलावे. पूर ओसरल्यानंतरचे काही आठवडे मळीचा म्हणजे गाळमातीचा काठ आतून पोखरलेला असतो आणि वरून घट्ट दिसतो. कडेपासून दोन पावले मागेच बसावे.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दुपारनंतर फार लवकर जमतात. बहुतेक आधुनिक काठ्यांत कार्बन तंतू असतो आणि तो वीज वाहून नेतो. गडगडाट कानी पडताच काठी आडवी ठेवून काठापासून दूर पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जावे, झाडाखाली थांबू नये. शेतीपंपांच्या लोंबत्या तारा आणि काठावर पसरलेल्या मोटारींच्या केबलींबाबतही हेच: अशा जागी गळ टाकूच नये.

कृष्णा आणि वारणेच्या पात्रात मगरी आहेत. त्या पट्ट्यात पाण्यात उतरू नये, काठावर वाकून मासे धुऊ नयेत आणि संध्याकाळनंतर थांबू नये. उसाच्या कडेने जाताना बूट घालावेत आणि हातात बॅटरी असावी. सर्पदंश झाल्यास वेळ न घालवता कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे. पोहता येत असले तरी एकट्याने नदीवर जाऊ नये, आणि कुठे बसणार आहोत हे घरी सांगून जावे. गळ बोटात घुसला आणि उलटा काटा आत गेला असेल तर ओढू नये. तंगूस कापून डॉक्टरकडे जावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

घरी परतल्यावर

तुटलेली तंगूस काठावर टाकून देणे हे मला सर्वांत जास्त खटकते. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. बगळे, पाणकावळे आणि कासवे तिच्यात अडकून मरतात, काठावर चरणाऱ्या जनावरांच्या पोटात जाते. प्रत्येक तुकडा डबीत भरून घरी आणावा, कात्रीने बोटभर तुकडे करावेत आणि मगच कचऱ्यात टाकावा. दुसऱ्याने टाकलेला गुंता दिसला तर तोही उचलावा.

रीळ ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे, नळाच्या धारेखाली धरू नये, कारण जोराच्या धारेने माती आतल्या दातऱ्यांत शिरते. ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करावा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. वापरलेले गळ वाळवूनच डबीत ठेवावेत. एक ओला गळ सगळी डबी गंजवतो. उन्हाने आणि वापराने नायलॉन दरवर्षी कमजोर होते, तेव्हा पावसाळ्यात घरी बसल्या वेळी जुनी तंगूस काढून टाकावी आणि बंधाऱ्यांना बरगे बसायच्या आत नवीन भरून ठेवावी. चिलापी नेमाने लागू लागली असेल तर त्याच वेळी ०.३० ची तंगूस भरलेले दुसरे स्पूल (रिळाची चकरी) आणि ४ क्रमांकाचे गळ घ्यावेत, म्हणजे हिवाळ्यात त्याच काठीवर रोहू-मृगळाची सुरुवात करता येते.